रात्रीची झोप, साखर आणि किडनी

साखरेचा आजार म्हटलं की आपण भात, चहा आणि गोळ्या यांच्याबद्दल बोलतो. रात्र कशी गेली, हे मात्र डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. म्हणून आज आम्ही झोपेबद्दल बोलणार आहोत, कारण मधुमेह असलेल्या माणसाच्या झोपेचा त्याच्या किडनीशी संबंध आहे.

ढोकीच्या शिवारात रात्रीचं जागरण काही नवीन नाही. शेतीची लाईट रात्रीची असली की दारं धरायला जावं लागतं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्रपाळी आलीच. आणि घरात कुणाचा डबा असो की अवेळी आलेलं पाणी भरणं असो, सगळ्यांच्या आधी उठते ती बाईच. त्यात तिला साखरेचा आजार असेल, तर हे जागरण जास्त महाग पडतं.

ते कसं, हे आधी समजून घेऊ. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून रक्त दिवसरात्र गाळलं जातं. आपण शांत झोपलो की रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो, लघवी कमी तयार होते, आणि या गाळण्यांवरचा ताण हलका होतो. झोप मोडली की ताणाची संप्रेरकं वाढतात आणि रक्तदाब हवा तसा उतरत नाही. झोप अपुरी झाली की इन्सुलिनचं कामही मंदावतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी साखर चढते. चढलेली साखर आणि चढलेला रक्तदाब, हे दोन्ही या गाळण्या खराब करतात.

अपुरी झोप हेच किडनी बिघडण्याचं एकमेव कारण, असं आम्ही म्हणत नाही. किडनी बिघडल्यामुळेही झोप मोडते. म्हणूनच मोडलेली झोप ही एक खूण समजायची.

सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे रात्री वारंवार लघवीला उठणं. ‘आता वय झालं’ असं म्हणून आपण सोडून देतो. पण साखर फार वाढली की ती लघवीवाटे बाहेर पडते आणि सोबत पाणी ओढून नेते. पायांवर सूज असेल, तर दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवी वाढते. किडनी थकली असेल, तर तिला लघवी दाट करता येत नाही, म्हणूनही रात्री उठावं लागतं. यातलं नेमकं कारण तपासणीनेच कळतं.

दुसरी खूण म्हणजे मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि दचकून जाग येणं. अशा माणसाला सकाळी डोकं जड वाटतं आणि दिवसा डुलक्या येतात. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि रक्तदाब वाढतो. झोपलेल्याला हे कळत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवून डॉक्टरांना सांगावं.

तिसरी खूण म्हणजे रात्री दरदरून घाम येणं, थरथरणं, वाईट स्वप्नं पडणं. ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखान्यात न्या.

आता घरी काय करता येईल? झोपायची आणि उठायची वेळ शक्यतो एकच ठेवा. सात-आठ तास झोप मिळावी, अशी घरातली कामं वाटून घ्या. संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री नको. रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी तोडू नका. पाणी दिवसा प्या, झोपण्याआधी दोन तास थोडं कमी करा. डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची, हे त्यांनाच विचारा. रात्रपाळी असेल तर गोळ्या-इन्सुलिनच्या वेळाही विचारून घ्या. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका, त्या किडनीला मारक ठरतात. झोपेची गोळीही स्वतःच्या मनाने नको.

आणि वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. लघवीच्या अहवालात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या आत असावं. त्यापेक्षा जास्त आलं तर घाबरू नका, डॉक्टर पुन्हा तपासणी करून खात्री करतात. या टप्प्यावर दुखत-खुपत काहीच नसतं, पण साखर आणि रक्तदाब आवरले आणि योग्य औषधं घेतली तर किडनीचं नुकसान पुष्कळ लांबवता येतं. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खर्चाच्या भीतीने थांबू नका.

या आठवड्यात एवढं करा. रात्री किती वाजता झोपलात, किती वेळा उठलात, सकाळी पायावर सूज होती का, हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला सांगा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्या आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून दाखवा.