विश्लेषण : अमेरिकेत छोट्या जेट विमानांचे गाडे ७६ आसनांवरच का अडते?

तिकिटावर डेल्टाचे नाव असते, विमानाच्या शेपटीवर चिन्हही डेल्टाचेच. पण कॉकपिटमधले दोन्ही वैमानिक डेल्टाचे नसतात. त्यांचा पगार स्कायवेस्ट किंवा रिपब्लिकसारखी वेगळीच कंपनी देते. अमेरिकेतल्या छोट्या शहरांतून उडणाऱ्या अनेक विमानांची हीच तऱ्हा आहे. या व्यवस्थेला वेसण घालण्यासाठी बड्या कंपन्यांचे वैमानिक गेली तीन दशके वेतन करारातील एका कलमाला घट्ट धरून आहेत. त्याला ‘स्कोप क्लॉज’ म्हणतात.

हे कलम काय सांगते?

कंपनीच्या नावाने होणारे उड्डाण किती प्रमाणात बाहेरच्यांना देता येईल, हे ते ठरवते. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही कंपन्यांच्या करारांत आज साधारण सारखीच रेषा आहे. प्रादेशिक भागीदाराच्या विमानात ७६ पेक्षा जास्त आसने नकोत आणि उड्डाणावेळचे कमाल वजन ८६ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३९ टनांपलीकडे नको. अशी मोठी प्रादेशिक विमाने किती असावीत, यालाही मर्यादा आहे. एम्ब्रेअर ई-१७५ हे विमान या चौकटीत चपखल बसते. भारतात कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर हेच विमान वापरते. पण इथे त्याच्या आसनसंख्येवरून कामगार तंटा होत नाही.

वैमानिकांना भीती कशाची?

पूर्वी प्रादेशिक कंपन्या पंख्याची, मोजक्या आसनांची विमाने जवळच्या गावांना नेत. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १९९०च्या दशकात बॉम्बार्डियरचे सीआरजे आणि एम्ब्रेअरचे ईआरजे-१४५ ही ५० आसनी जेट आली आणि हिशेब बदलला. ती वेगवान होती, लांब पल्ल्याची होती. बड्या कंपनीचे शंभर आसनी विमान ज्या मार्गावर जाई, तिथेच स्वस्त वैमानिकांसह छोटे जेट दिवसातून अधिक वेळा पाठवणे शक्य झाले.

वैमानिकाचा पगार विमानाच्या आकारावर आणि सेवाज्येष्ठतेवर ठरतो. कॅप्टनपद, सुट्ट्या, मार्ग हे सारे ज्येष्ठता यादीतील क्रमांकावर मिळते आणि कंपनी बदलली की पुन्हा तळापासून सुरुवात. त्यामुळे शंभर आसनी विमाने बाहेर गेली, तर यादीतल्या खालच्या माणसाची वर सरकण्याची शिडीच नाहीशी होते.

१९९७ मध्ये काय घडले?

अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या ‘अमेरिकन ईगल’ या उपकंपनीसाठी जेट घ्यायचे ठरवले. ती आम्हीच उडवू, असे मूळ कंपनीच्या वैमानिकांचे म्हणणे होते. तुमच्या पगारात ती परवडणार नाहीत, असे व्यवस्थापनाचे उत्तर होते. संघटनेच्या नेत्यांनी मान्य केलेला मसुदा सभासदांनी जानेवारीत फेटाळला. १५ फेब्रुवारीला मध्यरात्री संप सुरू झाला आणि काही मिनिटांतच अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तो थांबवला. हा अधिकार त्यांना रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये केलेल्या कायद्याने दिला होता. १९३६ पासून तो विमान कंपन्यांनाही लागू आहे. या कायद्यान्वये वेतन करार संपत नाही, तो केवळ ‘फेरबदलास पात्र’ होतो. त्यामुळे वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि संपाची वेळ क्वचितच येते.

अखेर मे महिन्यात तोडगा निघाला. जेट ईगलच्याच वैमानिकांकडे गेली, पण संख्येची मर्यादा घालून. ईगलच्या वैमानिकांना मूळ कंपनीत येण्याची वाट ठेवली गेली आणि मूळ कंपनीत कपात झालेल्यांना ईगलमध्ये जागा मिळण्याची सोय झाली. जूनमध्ये कंपनीने ६७ जेटची मागणी नोंदवली.

मर्यादा सैल कशी झाली?

दिवाळखोरीमुळे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हजारो वैमानिकांना घरी बसवण्यात आले. २००२ मध्ये यूएस एअरवेज आणि युनायटेड, २००५ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट न्यायालयात गेल्या. करारच रद्द होण्याच्या टांगत्या तलवारीखाली वैमानिकांनी पगार सोडला आणि स्कोपही सोडला. ५० आसनांची रेषा ७० वर आणि पुढे ७६ वर गेली. नव्या करारात कंपनीने कितीही वाढ देऊ केली, तरी ही रेषा आणखी सरकवायला वैमानिक तयार होत नाहीत, त्यामागे या वर्षांची कडवट आठवण आहे. २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळवली. ७६ आसनांची रेषा मात्र जागची हलली नाही.

छोट्या कंपन्यांच्या वैमानिकांचे काय?

त्यांची बाजू या वादात बहुतेक वेळा मागे पडते. तेच आकाश, तेच हवामान, पगार मात्र तुटपुंजा. डेल्टाची उपकंपनी असलेल्या कॉमएअरच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप केला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. तिकिटे कॉन्टिनेन्टलच्या नावाची होती. इशारा मिळूनही कॅप्टनने विमान चुकीच्या पद्धतीने हाताळले, हे अपघाताचे कारण ठरले. पण सुनावणीत सहवैमानिकेचा वार्षिक पगार जेमतेम १६ हजार डॉलर असल्याचे उघड झाले आणि देश हादरला. पुढे सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. वैमानिक मिळेनासे झाले, तेव्हा कुठे पगार वाढले. २०२२ मध्ये अमेरिकनच्या प्रादेशिक उपकंपन्यांनी नवख्या सहवैमानिकाला ताशी ९० डॉलर देऊ केले.

विमान उत्पादकांना याचा फटका कसा बसला?

कमी इंधन पिणारी नवी इंजिने जड असतात. त्यामुळे एम्ब्रेअरचे ई-१७५-ई२ हे विमान ४४ टनांच्या वर गेले आणि अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या बाजाराबाहेर राहिले. २०२२ मध्ये कंपनीने त्याचे काम थांबवले. जपानच्या मित्सुबिशीने स्कोपमध्ये बदल होईल या भरवशावर स्पेसजेट बांधले. तेही जड ठरले. इतर अडचणींची त्यात भर पडली आणि २०२३ मध्ये प्रकल्प कायमचा बंद झाला. युनायटेडने वेगळीच शक्कल लढवली. मोठ्या प्रादेशिक जेटचा कोटा भरल्यामुळे तिने ७० आसनी सीआरजे-७०० मधली वीस आसने चक्क काढून टाकली. मोकळ्या जागेत सामानाची कपाटे आणि खाऊचा कट्टा बसवून २०१९ मध्ये ते विमान ‘सीआरजे-५५०’ या नावाने सेवेत आणले.