तापमापकाचा आकडा आणि पृष्ठभागाचा गुण

दुरून रोखून कळ दाबली की क्षणार्धात तापमान दाखविणारा पिस्तुलाच्या आकाराचा अवरक्त तापमापक आज कारखान्यांत, वीजकेंद्रांत, इतकेच नव्हे तर मोठ्या भटारखान्यांतही वापरला जातो. वस्तूला स्पर्श न करता तो आकडा देतो. म्हणून त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचा मोह होतो. हा मोह कधीकधी घातक ठरतो.

वस्तुतः हे यंत्र तापमान प्रत्यक्ष मोजीत नाही. प्रत्येक वस्तूतून अदृश्य अवरक्त किरण बाहेर पडत असतात. यंत्र ते किरण मोजते आणि त्यांवरून तापमानाचा हिशेब मांडते. परंतु सारख्याच तापलेल्या दोन वस्तू सारखेच किरण टाकतील असे नाही. जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे या विषयावरील प्रयोग १८०४ साली प्रसिद्ध झाले. त्याने धातूच्या पोकळ घनात गरम पाणी भरले. घनाची एक बाजू काळी, तर दुसरी चकचकीत होती. आतील पाणी एकच. तरीही काळ्या बाजूकडून कितीतरी अधिक उष्णता बाहेर पडत होती.

पृष्ठभागाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. आदर्श काळ्या वस्तूची उत्सर्जकता १ मानतात. मानवी त्वचेची सुमारे ०.९८, पाण्याची सुमारे ०.९६, तर घासून लखलखीत केलेल्या तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची ०.१ हूनही कमी असते. असा धातू स्वतःचे किरण थोडे टाकतो आणि भोवतालचे किरण आरशाप्रमाणे परत फेकतो. पुष्कळशी यंत्रे मुळात ०.९५ वर लावलेली असतात. तसेच यंत्र उकळत्या पाण्याच्या चकचकीत पातेल्यावर रोखले, तर १०० अंशांऐवजी ४० अंशांच्या आसपासचा आकडा दिसू शकतो. पातेल्यावर हात ठेवणाऱ्याला खरे तापमान तत्काळ कळेल! वीजफलकातील तांब्याचा सैल सांधा असाच थंड भासला, तर आग लागेपर्यंत धोका लक्षात येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पृष्ठभाग थंड असताना आणि वीजप्रवाह पूर्ण बंद करून, जाणकाराकडून त्यावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावून घ्यावी. पट्टी सोसेल इतपतच तापमान असावे. पट्टी व धातू सारखे तापले की यंत्र ०.९५ वर ठेवून पट्टीचे तापमान टिपावे. नंतर शेजारच्या उघड्या भागावर यंत्र रोखून, तोच आकडा येईपर्यंत उत्सर्जकता बदलीत जावी. मिळालेले मूल्य त्या पृष्ठभागासाठी लिहून ठेवावे. मात्र लखलखीत धातूच्या बाबतीत हे मूल्य भरवशाचे नसते. तेथे दर वेळी पट्टीवरच मोजणे श्रेयस्कर. यंत्र जवळ न्यावे, म्हणजे मोजले जाणारे वर्तुळ पट्टीबाहेर जाणार नाही. तांबडा ठिपका केवळ नेमाची दिशा दाखवितो, मोजमाप करीत नाही.

यंत्र हिशेब चोख करते. पण समोर काजळी आहे की कल्हई, हे त्याला माणसानेच सांगावे लागते.