पाषाण फोडणारें द्रव्य आणि शिरा सैल करणारा वायु

आसेगांवच्या शिवारांत विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम काळी माती, मग मुरूम आणि त्याखालीं अभंग असा काळा पाषाण लागतो. तेथें कुदळ व पहार यांचें कांहीं चालत नाहीं, सुरुंगच लावावा लागतो. पूर्वीं या सुरुंगांत जिलेटिनच्या कांड्या भरीत, आणि त्या उघड्या हातांनीं हाताळणाऱ्या माणसाचें डोकें ठणकूं लागे. ऊन लागलें असावें, अशी पुष्कळदां समजूत होई. वास्तविक त्या कांडींतील नायट्रोग्लिसरीन कातडींतून रक्तांत शिरून डोक्यांतील रक्तवाहिन्या फुगवीत असे. जें द्रव्य पाषाण फोडतें तेंच रक्तवाहिन्या सैल करितें, आणि हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टर तेंच जिभेखालीं ठेवावयास देतात. हें कसें घडतें व त्यापासून आपण शेतकऱ्यांनीं काय बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रक्तवाहिनी ही रबरी नळीसारखी निर्जीव वस्तु नव्हे. धमनीच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले म्हणजे रक्ताची वाट अरुंद होते, सैल पडले म्हणजे रुंद होते. आंतल्या बाजूस, जेथें रक्ताचा स्पर्श होतो तेथें, पेशींच्या एकाच थराचें अतिशय पातळ अस्तर असतें. विहिरीवरील पंप चालू ठेवून पाइपाचें तोंड अर्धें दाबून धरलें तर पाइप ताठतो व पंपावर ताण येतो. धमन्या दीर्घकाळ आवळलेल्या राहिल्या म्हणजे हृदयाचीही तीच गत होते. रक्तदाब वाढण्याचें हें एक मुख्य कारण होय.

नायट्रोग्लिसरीन प्रथम इटलींतील ट्युरिन शहरीं आस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानें १८४७ च्या सुमारास तयार केलें. त्याचा कण जिभेवर ठेवतांच तीव्र डोकेदुखी होते, हें त्यानें स्वतःच अनुभविलें. १८६७ सालीं आल्फ्रेड नोबेल यांनीं त्यापासून डायनामाइट बनविल्याचें जाहीर केलें. १८७९ सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनीं छातींतील कळेवर तें अत्यल्प मात्रेंत दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढें नोबेल स्वतःच हृदयविकारानें आजारी पडले, तेव्हां डॉक्टरांनीं त्यांस हेंच औषध सुचविलें. दैवाच्या या चेष्टेबद्दल त्यांनीं १८९६ सालीं एका पत्रांत नवल व्यक्त केलें आहे.

औषधानें गुण येई, पण तो कां येतो हें जवळजवळ शंभर वर्षें कोणास सांगतां येईना. १९७७ सालीं अमेरिकेंतील फेरिद मुराद यांनीं दाखविलें कीं, हें द्रव्य शरीरांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सोडतें. नत्राचा एक व प्राणवायूचा एक, अशा अवघ्या दोन अणूंचा हा वायु! नंतर १९८० सालीं रॉबर्ट फर्चगॉट यांनीं सशाच्या धमनीच्या तुकड्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अ‍ॅसिटिलकोलीन हें द्रव्य घातलें असतां, अस्तर शाबूत असेल तरच तुकडा सैल पडे. अस्तर घासून निघालेलें असेल तर तो मुळींच सैल पडत नसे. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तराकडूनच येतो, हें उघड झालें. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच होय, असें फर्चगॉट व लुई इग्नॅरो यांनीं १९८६ सालीं प्रतिपादन केलें, आणि पुढल्याच वर्षीं इंग्लंडांतील प्रयोगांनीं त्यास पुष्टि मिळाली. मुराद, फर्चगॉट व इग्नॅरो या तिघांस १९९८ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं आपला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणून तें साल आपल्या स्मरणांत सहज राहील.

आतां हा निरोप पोंचतो कसा तें पाहूं. अस्तराच्या पेशींत एक प्रथिन असतें. तें अर्जिनिन नांवाच्या साध्या द्रव्यापासून हा वायु घडवितें. अर्जिनिन आपल्या तूर, हरभरा, भुईमूग व सोयाबीन या पिकांतील प्रथिनांतून मिळतें. वायु घडतांच शेजारच्या स्नायूंत झिरपतो व थोड्याच सेकंदांत नाहींसा होतो. परंतु तेवढ्या अवधींत तो स्नायूंतील दुसऱ्या एका प्रथिनास चिकटून त्यास जागें करितो. तें प्रथिन चक्रीय जीएमपी नांवाचा निरोप्या तयार करितें. हा निरोप्या तिसऱ्या प्रथिनास कामास लावतो, आणि त्याच्या योगें स्नायूंतील मोकळें कॅल्शियम कमी होतें. स्नायू आवळण्यास कॅल्शियम लागतें. तें ओसरलें कीं पकड सुटते. काम झाल्यावर निरोप्यास मोडून टाकणारें चौथें प्रथिनही तेथें सज्ज असतें.

वाहिन्या सैल करण्याचा दुसराही एक मार्ग आहे. मज्जातंतूंकडून स्नायूंस आवळण्याचे हुकूम येत असतात, ते कमी करावयाचे. हें काम आपल्या देशांतील सर्पगंधेचें मूळ करितें. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यांनीं १९३१ सालीं रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयीं लिहिलें होतें. पुढें १९४९ सालीं मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि या मुळाची कीर्ति जगभर झाली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. त्यानें कांहींचें मन अतिशय खिन्न होतें असें दिसून आल्यामुळें आणि अधिक सोयीचीं औषधें निघाल्यामुळें सांप्रत त्याचा वापर कमी झाला आहे. म्हणून कोणीं सर्पगंधेचें मूळ आपल्या मनानें उगाळून घेऊं नये.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शेतकऱ्याची हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांस रक्तदाबाची गोळी रोज घेण्यास सांगितलें होतें. ज्या दिवशीं डोकें दुखे त्या दिवशीं ते ती घेत, आणि बरें वाटलें कीं, आतां कशाला, म्हणून सोडून देत. ऐन तुरीच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावरच त्यांचा उजवा हात लुळा पडला व वाचा गेली. ते वांचले, पण वखराची रुमणी पुन्हां त्यांच्या हातीं आली नाहीं. दाब वाढला तरी बहुधा कांहींच दुखत नाहीं, यांतच त्याचा घात आहे. गोळी दुखण्याकरितां नसून वाहिन्या सैल ठेवण्याकरितां असते, आणि ती बंद करणें तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावें.

ज्यांस छातींतील कळेवर जिभेखालीं ठेवण्याची गोळी दिलेली असेल त्यांनीं ती बसूनच घ्यावी. वाहिन्या एकाएकीं सैल पडल्यानें उभा माणूस घेरी येऊन कोसळतो. पुरुषांच्या दौर्बल्यावर मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या निरोप्यास मोडणारें प्रथिन अडवितात. ही व ती अशा दोन्ही गोळ्या शरीरांत एकत्र आल्यास दाब प्राणघातक इतका खालीं जाऊं शकतो. लाजेस्तव डॉक्टरांपासून हें लपवूं नये. विडीचा धूर अस्तरास इजा करितो व हा उपकारक वायु कमी करितो. उलट चालण्यानें रक्ताचा वेग वाढून तो अधिक तयार होतो. पालक व बीट यांतील नायट्रेटपासूनही तो कांहीं अंशीं मिळतो. मीठ बेतानें खावें हें निराळें सांगावयास नको.

मात्र हेंच नायट्रेट अमर्याद झालें म्हणजे विष होतें. पावसानें ताण दिलेल्या, युरिया भरपूर पडलेल्या ज्वारींत तें सांठतें, विशेषतः ताटाच्या बुडख्याकडे. जनावराच्या पोटांत त्याचें नायट्राइट होतें. मग रक्त तपकिरी पडून प्राणवायु वाहून नेईनासें होतें, वाहिन्याही फाजील सैल पडतात, व धडधाकट बैल पाहतां पाहतां खालीं बसतो. अशा वेळीं पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. मिथिलीन ब्लू टोंचल्यानें जनावर वांचूं शकतें. ताण पडलेली हिरवी वैरण एकदम पोटभर घालूं नये. बुडखा सोडून कापावी व वाळलेल्या कडब्यांत मिसळून थोडी थोडी द्यावी. उकिरड्याजवळच्या विहिरीचें पाणी तान्ह्या मुलास देण्यापूर्वीं तपासून घ्यावें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें, असें भारतीय मानक आहे. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, उलट आटलेल्या पाण्यांत दाट होतें.

खताची मात्रा चुकली तर पीक कसें जळतें, हें शेतकरी बंधूंस आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं. नत्राच्या या दोन अणूंच्या वायूसही तोच न्याय लागू आहे. हा अंक वाचून खालीं ठेवल्यावर, घरांतील वडील मंडळींची दाबाची गोळी संपली तर नाहीं ना, एवढें आजच एकदां पाहावें, अशी आमची विनंति आहे.