मुकी चूक आणि यंत्र-परीक्षक

वेबपृष्ठाचे रंग, अक्षरें व मांडणी ठरविणारी भाषा म्हणजे सीएसएस. तिचे पहिले नियम १९९६ सालीं प्रमाण ठरले. समजा, कोणी ‘कलर’ हा शब्द इंग्लंडांतील रीतीप्रमाणें ‘यू’ अक्षर घालून लिहिला. या शब्दाचें अमेरिकन वर्णलेखनच या भाषेस मान्य! तरीहि ब्राउझर तक्रार करीत नाहीं. ती ओळ तो मुकाट्यानें वगळतो. लाल दिसावयाची धोक्याची सूचना काळीच राहते, आणि कोणास पत्ता लागत नाहीं.

हजारों ओळी वाचतांना मनुष्य थकतो. यंत्र थकत नाहीं. १९७८ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत स्टीफन जॉन्सन यांनीं सी भाषेसाठीं ‘लिंट’ नांवाचा परीक्षक रचिला. लिंट म्हणजे कापडास चिकटलेले सुताचे बारीक तंतू. सीएसएस तपासणारा ‘स्टाइललिंट’ त्याच कुळांतला. संकेतस्थळ प्रकाशित करण्यापूर्वीं सर्व फाइली सिद्ध करणारी जी ‘बिल्ड’ प्रक्रिया, तिच्या आरंभींच त्यास बसवावें. अनोळखी शब्द आढळतांच तो ओळीचा क्रमांक सांगतो व अपयशाची खूण देतो. त्यासरशीं बिल्ड थांबते आणि चूक वाचकापर्यंत पोंचत नाहीं.

निवडलेला रंग शोभतो कीं नाहीं, हें मात्र तो सांगणार नाहीं. तें मनुष्यानेंच पाहावें. पण ज्या चुका नियमांत बसविता येतात, त्यांवर डोळे शिणविण्याचें कारण उरलेलें नाहीं.