दोन वाढदिवसांची छकुली

मुलांनो, आज एक गणित घालायचं आहे. वही-पेन्सिल घेऊन बसा.

एक बाळ होळीच्या सुमारास जन्माला यायचं होतं. घरात तशी तयारी चालली होती. आजीनं जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवायला घेतली होती. पण बाळाला काही दम धरवला नाही. ते संक्रांतीलाच आलं! म्हणजे आठ आठवडे आधी. आता सांगा, त्या वर्षीच्या पोळ्याला या बाळाचं वय किती?

संक्रांतीपासून मोजलंत तर साडेसात महिने. होळीपासून मोजलंत तर साडेपाच. यातलं बरोबर उत्तर कोणतं? दोन्ही! कसं ते पाहू या.

कुठलं हे घर?

समजा, हे घर झरी जामणी तालुक्यातलं आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात दक्षिण-पूर्व कोपऱ्याकडे बघा. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, अलीकडे आपली झरी. कापसाची, तुरीची शेतं, मधूनमधून जंगल आणि कोलाम लोकांचे पोड. घरात आई, बाबा, आजी आणि चौथीतला दादा. बाळाला सगळे छकुलीच म्हणतात.

असं घर एकटंदुकटं नसतं, बरं का. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख भारतातली. दहा बाळांमागे एकाहून थोडी जास्तच! तुमच्या वर्गातही अशी तीन-चार मुलं सहज असतील. घरी विचारून पाहा, कदाचित तुम्हीच त्यांतले एक असाल.

बाळाची पोटातली मुदत साधारण ४० आठवड्यांची. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जे येतं ते 'अपुऱ्या दिवसांचं' बाळ. छकुली आली ३२ आठवड्यांची. वजन दीड किलोच्या आसपास. म्हणजे दीड किलोची साखरेची पुडी हातात घ्या, तेवढीच!

शेवटच्या आठवड्यांत काय होतं?

"सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही," असं म्हणणारी एखादी म्हातारी तुम्हाला गावात भेटेल. तिला नमस्कार करा, पण तिचं हे म्हणणं मात्र मानू नका. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच असतं.

या शेवटच्या आठवड्यांत बाळ कातडीखाली चरबी साठवतं. तेच त्याचं पांघरूण. छकुलीला ते मिळालं नाही, म्हणून ती लगेच गार पडायची. याच दिवसांत फुप्फुसं तयार होतात, म्हणून आधी आलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होतो. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात करायला बाळ ३४ व्या आठवड्याच्या सुमारास शिकतं. तोवर आईचं दूध काढून नळीनं किंवा वाटी-चमच्यानं पाजावं लागतं. शिवाय आईकडून मिळणारा लोहाचा साठा बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांतच जमतो. छकुलीला घरी आल्यावर लोहाचे थेंब का देतात, ते आता कळलं ना?

आणि हे का झालं? कधी आईचा रक्तदाब वाढतो, कधी जंतुसंसर्ग होतो, कधी पोटात जुळी असतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. पण आईनं पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं होत नाही. आईला कुणी बोल लावत असेल तर तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहा.

पेटी आणि पिशवी

अशा बाळाला दवाखान्यात 'पेटीत ठेवलं' असं आपण म्हणतो. या पेटीची गोष्ट गमतीची आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए नावाचे डॉक्टर होते. तिथल्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं. त्यांच्या मनात आलं, पिल्लांना जमतं तर बाळांना का नाही? आणि त्यांनी बाळांसाठी तशी पेटी करून घेतली.

पण पेट्या कमी आणि बाळं जास्त असतील तर? १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी उत्तर घेतलं कांगारूकडून. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढं असतं आणि पुढे महिनोन् महिने आईच्या पिशवीत वाढतं. डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कापड गुंडाळलं. आईची ऊब, आईचं दूध, कानाला आईच्या काळजाचे ठोके! हीच 'कांगारू पद्धत'. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की जन्मल्याबरोबर ती सुरू करावी आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्यावी. आई दमली की बाबा किंवा आजीलाही कांगारू होता येतं.

शेजारच्या गडचिरोलीत

झरीहून यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या आसपास. आज १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते. पण जेव्हा ती नव्हती, नाल्याला पूर असला की रस्ताच बंद व्हायचा, तेव्हा अशा बाळांचं काय होत असेल?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या विदर्भातच शोधलं गेलं. चंद्रपूर जिल्हा ओलांडला की गडचिरोली. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून काम करते. लहान बाळं फार दगावत होती आणि दवाखाना दूर होता. मग त्यांनी ठरवलं, बाळ दवाखान्यापर्यंत पोचत नाही ना, तर उपचारच बाळाच्या घरी न्यायचे. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका त्यांनी निवडल्या आणि त्यांना शिकवलं. त्यांचं नाव 'आरोग्यदूत'.

१९९५ पासून ३९ गावांत या आरोग्यदूत पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जाऊ लागल्या. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे. बाळ गार असेल तर त्याला उबदार पिशवीत घालायचं. आईला अंगावर पाजायला मदत करायची. पहिलं चिकाचं दूध फेकून द्यायचं नाही, तेच बाळाचं पहिलं औषध!

श्वास मोजायचं त्यांचं साधन तर तुम्हाला फारच आवडेल. ज्या दाईंना साठपर्यंत आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी डॉ. अभय बंग यांनी ते बनवलं होतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर समजायचं, श्वास जलद आहे, न्यूमोनियाची शंका आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लाल मणी साठाचा, मोठ्याला पन्नासाचा. तुम्ही शांत बसून स्वतःचे श्वास मोजा बरं. मिनिटाला वीसच्या आसपास भरतील.

आणि फळ काय मिळालं? आधी त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा २५ वर आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर आधी तिनातलं एक जायचं, पुढच्या वर्षांत दहातलं एक. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून भारत सरकारनं असंच काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं. तुमच्या गल्लीतून वजनकाटा घेऊन जाणाऱ्या आशाताई दिसल्या, तर या गोष्टीची आठवण ठेवा.

आता आपलं गणित

छकुली महिनाभर दवाखान्यात राहून घरी आली. पोळा आला. शेजारचं साडेसात महिन्यांचं बाळ छान बसत होतं, छकुली कलंडत होती. लगेच शेजारच्या काकूंचा प्रश्न, "काहून वं, पोरगी अजून बसत नाही?" आईचं तोंड उतरलं.

आता वही काढा. छकुलीचा जन्म संक्रांतीचा, पण तिच्या अंगाची तयारी होळीचा हिशेब पाळते. साडेसातातून दोन गेले, राहिले साडेपाच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये सांगितलं आहे, की आधाराशिवाय बसणं चार ते नऊ महिन्यांत केव्हाही येऊ शकतं. मग छकुली मागे कुठे आहे? ती तर वेळेवरच चालली आहे!

डॉक्टर याला 'दुरुस्त वय' म्हणतात. जेवढे आठवडे बाळ आधी आलं तेवढे वजा करायचे. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत बसणं, चालणं, बोलणं याच वयावर तपासायचं. पुढच्या संक्रांतीला छकुलीचं बोरन्हाण झालं तेव्हा ती वर्षाची, पण दुरुस्त वय दहा महिने. चालणं आठ ते अठरा महिन्यांत केव्हाही येतं. म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत तिची वाट पाहता येते.

मात्र एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. लसीला हे गणित लागू नाही! लस द्यायची ती जन्मतारखेप्रमाणेच. "लहान आहे, दोन महिने थांबू" असं म्हणायचं नाही.

डोळ्यांची गोष्ट

स्टीव्ही वंडर हे नाव ऐकलंय? अमेरिकेतला मोठा गायक. १९५० मध्ये तो सहा आठवडे आधी जन्मला. तेव्हा पेटीतल्या बाळांना खूप प्राणवायू दिला जाई. त्याचा अतिरेक कोवळ्या डोळ्यांना बाधतो हे डॉक्टरांना नीट कळलं नव्हतं. त्याची दृष्टी गेली. आज प्राणवायू मोजून देतात. तरीही ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेच लागतात. बाहेरून डोळे टपोरे, छान दिसतात, दोष आत पडद्यावर असतो. वेळेत सापडला तर उपचार होतात. ऐकू येतं का, तेही तपासून घ्यायचं.

दादाचं काय?

आता थोडं दादाबद्दल. आई महिनाभर दवाखान्यात, बाबांच्या सारख्या फेऱ्या, दादा आजीजवळ. बाळ घरी आलं तेव्हा त्याला वाटलं, झालं एकदाचं! पण आता तर सगळ्यांचं लक्ष छकुलीकडेच. "आवाज करू नको", "हात धुतले का?", "सर्दी आहे ना, लांब बस". दादाला राग आला. येणारच! तुमच्या घरी असं झालं तर गप्प कुढत बसू नका. आईला सरळ सांगा, "मला पण तुझ्याजवळ बसायचंय." तिला ते ऐकायला आवडेल.

आणि खरं सांगायचं तर दादाशिवाय या घराचं पान हलत नाही. तो काय काय करतो, पाहा.

शाळेतून आला की साबणानं हात धुतो, मगच बहिणीला घेतो. स्वतःला सर्दी असेल तर तोंडाला रुमाल बांधतो. बाजेखाली शेगडीचा धूर करू देत नाही. पाहुण्यांना बिडी अंगणात ओढायला सांगतो, आणि तेही अदबीनं! आई कापूस वेचायला गेली की आजीच्या हाताखाली छकुलीला थोडं थोडं, पण चार-पाच वेळा भरवतो. तिच्याशी सतत बोलतो, चित्रं दाखवतो, गाणी म्हणतो. असं बोलणं म्हणजे बाळाच्या मेंदूचं खाद्यच. अंगणवाडीत वजन झालं की कार्डावरचा ठिपका वर सरकला का, ते तोच आधी बघतो.

आई-बाबांसाठी चार ओळी

छकुली आता चालायच्या वयाची झाली, तरी हिवाळ्यात तिची छाती लवकर भरते. श्वास जलद चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, अंगावर प्यायचं किंवा खायचं तिनं सोडलं, अंग गार पडलं, झटका आला, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. दुरुस्त वय धरूनही अठरा महिन्यांत ती चालली नाही, हातपाय ताठ वाटले, हाकेला वळून पाहत नाही असं वाटलं, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला येतात, त्यांना दाखवा. वाट पाहणं आणि दुर्लक्ष करणं, यांत फरक आहे. तो फरक या दुरुस्त वयानंच कळतो.

आणि शेजारच्या बाळाशी तुलना नको. आयझॅक न्यूटन १६४२ मध्ये जन्मला तेव्हा म्हणे लिटरभराच्या भांड्यात मावेल एवढा होता. तो ८४ वर्षं जगला आणि त्याचे नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकता! प्रत्येक छकुली न्यूटन होणार नाही, व्हायला हवं असंही नाही. तिनं चालावं, बोलावं, भांडावं, शाळेत जावं, एवढं पुष्कळ झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत नेतात. यंदा तुमच्या रांगेत एखादी छकुली असेल. बैल तिच्याहून जड, पाऊल अजून लटपटतं. तिच्या पुढे पळू नका. जरा हळू चला, तिलाही येऊ द्या.