अरण्याच्या सातत्याचे साक्षीदार

एखादे अरण्य किती पुरातन आहे याचा निवाडा करताना आपण सामान्यतः सरकारी दप्तर, जुने नकाशे आणि वृक्षांच्या बुंध्यांचा घेर यांवर भिस्त ठेवतो. परंतु फ्रान्सिस रोझ या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या दगडफुलांची साक्ष काढली आणि १९७६ साली त्यांच्या ३० निवडक जातींवरून वनाचे सातत्य अजमावण्याची पद्धती मांडली.

गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या गोत्रातले, त्या गोत्रातील प्रत्येक जीव एकटा नसून कवक आणि शैवल यांचे सहजीवन असते, हा सिद्धांत सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडला, तेव्हा तत्कालीन तज्ज्ञांनी तो धुडकावून लावला होता. कवक आसरा देते, शैवल सूर्यप्रकाशात अन्न सिद्ध करते. मुळे मात्र नसल्यामुळे हवा आणि पाऊस जे देतील ते सारे शोषून घ्यावे लागते, आणि म्हणूनच जुन्या वनांत वाढणारे लोबेरिया पल्मोनेरिया हे पानासारखे पसरट दगडफूल कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडमुळे इंग्लंडच्या फार मोठ्या प्रदेशातून नाहीसे झाले. त्याचे सूक्ष्म तुकडे बहुधा फार दूर जात नाहीत. ते रुजण्यास जवळच दुसरा वयस्क वृक्ष हवा, आणि पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या हरितांचा, म्हणजेच मॉसचा, ओलसर थर लाभला तर त्यांचे अधिकच फावते.

दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट हे वन विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास शिकारीसाठी राखून ठेवले, आणि पुढे १८७७ च्या कायद्याने तेथील प्राचीन वृक्षराजीला तोडीपासून संरक्षण दिले. राजाचा शौक आणि पार्लमेंटचा हुकूम या दोहोंच्या मनात दगडफुलांचा विचारही नसताना, ओक आणि बीच यांच्या वृद्ध खोडांवर त्यांच्या दुर्मीळ जाती टिकून राहिल्या.

संवर्धनाची तजवीज यावरूनच ठरते. वृद्ध वृक्ष राखावेत, त्यांचे वारस होतील अशी मध्यमवयीन झाडे शेजारीच वाढू द्यावीत, खोडांवर दाट सावली धरणारी झुडपे विरळ करावीत. आणि २०१२ पासून ब्रिटनमध्ये पसरलेल्या रोगाने अ‍ॅश वृक्ष मरू लागले असताना, त्यांवरील दगडफुलांचे तुकडे निरोगी झाडांवर नेऊन रुजविण्याचा उपायही आजमावावा. तोडलेल्या वनाची भरपाई नव्या लागवडीने झाली, असा हिशेब कागदोपत्री जुळत असला, तरी त्यात झाडांची संख्या तेवढी मोजलेली असते. शतकांचे सातत्य कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही.