हुंडी, वही आणि मोबाइल

बऱ्हाणपूरच्या बाजारात केळ्यांच्या हातगाडीवरही आज काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट लावलेली आढळते. गिऱ्हाईक तिच्यासमोर मोबाइल धरतो, गुप्त आकडा दाबतो, आणि पैसे त्याच्या बँकखात्यातून विक्रेत्याच्या खात्यात जमा होतात. हे नवल खरेच; परंतु रोकड न हलविता पैसे पोचविण्याची युक्ती आपल्या शहरास नवी नाही.

मोगल काळात बऱ्हाणपूर हे दख्खनचे प्रवेशद्वार होते. येथील तलम मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जाते, असे ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात नमूद केले आहे. एवढ्या व्यापाराची रक्कम थैल्यांत भरून सुरतेच्या वा आग्र्याच्या वाटेने नेणे म्हणजे लुटारूंना आमंत्रणच! म्हणून व्यापारी हुंडीचा आश्रय घेत. सराफ येथे पैसे घेई आणि परगावच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी देई. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. कागद क्षुल्लक असे. सराफाची पत हीच त्याची किंमत.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय’ ही याच कुळातली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा अनेकांनी मोबाइलचा व्यवहार नाइलाजाने पत्करला, आणि पुढे सोय पाहून सोडला नाही.

मग जुन्या-नव्यांत अंतर कोठे? ते आहे वहीत. आपण काय घेतले, किती उधारी थकली, हे पूर्वी वाण्यास ठाऊक असे. आणि वाणी काही मुका नसे! तथापि त्याची वही दुकानातच राही, आणि वैद्याची, वाण्याची, सावकाराची वही कोणी एकत्र मांडून पाहत नसे. आज औषधाचे, शाळेच्या शुल्काचे, प्रवासाचे पैसे एकाच मोबाइलमधून जातात. एकेक नोंद किरकोळ. पण साऱ्या जुळविल्या की घरातील आजारपण आणि ओढगस्तसुद्धा परक्यास वाचता येते. या जुळणीचा लाभही आहे, तो नाकारणे अन्यायाचे होईल: ज्याच्याजवळ दुसरा कागद नाही अशा हातगाडीवाल्यास आपल्या विक्रीची नोंद दाखवून कर्ज मागता येते. मात्र तीच नोंद पाहून गरजू माणसास महाग कर्जाच्या जाळ्यात ओढणारेही आहेत.

असंख्य नोंदी क्षणात जुळविणारे हे यंत्र आले कोठून? यंत्रमागांच्या या शहरास ऐकून कौतुक वाटेल, की त्याचा एक पूर्वज माग आहे. सुमारे १८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्ड याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. त्यातून नक्षी उमटे. पूर्वी हे धागे ओढण्यास विणकराजवळ एक मदतनीस, पुष्कळदा मूलच, लागे. त्याचे काम गेले, आणि विणकर संतापले. कामाची जी धास्ती आज कचेऱ्यांत शिरली आहे, ती मागावर दोनशे वर्षांपूर्वीच बसली होती. पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तसलेच पुठ्ठे योजिले, आणि १८९० मध्ये हॉलेरिथने भोकांच्या पत्रांनी अमेरिकेची जनगणना मोजली. पुठ्ठ्यावर नक्षी होती, तेथे माणूस आला.

आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१० रोजी, तापीच्याच खोऱ्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बोटांचे ठसे व डोळ्यांची खूण घेणाऱ्या या योजनेस निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी न्यायालयात आव्हान दिले. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ मध्ये न्यायालयाने आधार योजना मर्यादा घालून कायम ठेवली. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला; अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून वापरू नये, असे त्यात सांगितले आहे.

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींना हे दूरचे वाटू नये. गणिताचा एखादा खेळ मोबाइलवर उतरविताना तो फोनमधील सारी नावे, छायाचित्रे आणि आपले ठिकाण मागतो. बेरीज शिकविण्यास त्याला मामाचा क्रमांक कशाला हवा? ‘परवानगी नाही’ हे शब्दही त्याच पडद्यावर असतात.